देवणीला सफरचंदाची फुलं बघायला

आमच्या शाळेतल्या कवितांत बकुळ होती, प्राजक्त होता, पळससुद्धा होता. सफरचंदाचं फूल नव्हतं. एकदा ते बघायचंच, असं मनाशी धरून येळवसेच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या दिवशी बिलोलीहून निघालो. देगलूर, उदगीर, मग देवणी. उदगीरलाच जेवून घ्या, पुढच्या गाडीचा भरवसा नाही. ज्येष्ठांनी एसटीच्या सवलतीसाठी आधार कार्ड खिशात ठेवावं, आणि स्वेटरही घ्यावा.

धाकटी बहीण शांता हिची बाग ओढ्याकाठच्या सखल रानात आहे. मोसंबीची सवय, म्हणून तिनं सफरचंदालाही दिवाळी झाली की पाणी तोडलं, पानं झाडली, म्हणजे झाड फुलावर येतं. फुलं यायची ती ऐन गारठ्यात, आणि गोठलेल्या दंवानं करपायची. अशी दोन वर्षं गेली. यंदा फळ धरलं नाही तर जेसीबी लावून झाडं काढणार, असं भाचा बालाजी सांगून बसलेला. शांताचंही ठरलेलं: गारठा सरेपर्यंत पानाला हात लावायचा नाही.

त्यामुळे बाग हिरवीगार, फुलाचा पत्ता नाही. काकू यंदा पालाच विकणार दिसतं, असं शेजारी चिडवून गेले. विहिरीजवळ मात्र एक झाड पांढरं-गुलाबी फुललेलं.

"तेवढं तुमच्यासाठी आधी झाडलं, दादा."

मी दिवेलागणीपर्यंत त्याच्याखाली उभा होतो.

येळवसेला पूजेची भज्जी-आंबील घेऊन सकाळीच रानात गेलो, तर गवत दंवानं पांढरं पडलेलं. फुलं चहात बुडवल्यासारखी तपकिरी. शांतानं एक उकललं, आत काळं. मग हिरव्या झाडाच्या फांदीवरचा मिटलेला डोळा, म्हणजे फुलाचा कोंब, नखानं सोलला, आत ओलं हिरवं. बालाजी दोन्ही बघत राहिला.

माझ्यापायी झाड गेलं, असं मी पुटपुटलो.

"झाड कुठं गेलं? एक बहार गेला," ती म्हणाली. "बाकीची शाबूत हायत."

मी मुक्काम वाढवला. थंडी ओसरली तशी शांता पानं झाडायला लागली, मीही हात लावला. बालाजीनं बांधावरून जेसीबीवाल्याला फोन केला. "जेसीबी ऱ्हाऊ द्या, भाऊ. हाव, यंदा न्हाई." आणि पलीकडच्या ओळीची पानं झाडायला लागला.

"वरबाडू नगंस रे, डोळा निघतो," शांता लगेच करवादली.

बिलोलीला परतलो तर शेजारचे करीमभाई फुलांचं विचारू लागले. म्हटलं, एका झाडाची बघितली, ती गेली. बाकीची अजून यायची आहेत. फळ धरलं तर खायला जाईन. नाही धरलं, तर पुढच्या थंडीत पानं झाडायला जाईन.