मोत्सनं वेचून काढलेली एकतीस कोकरं

कातालिन हारिस्पुरूला दहावं लागलं तेव्हा तिच्या मालकीचा एक कुत्रा होता आणि एकतीस कोकरं होती. ती तिला कुणी विकत घेऊन दिलेली नव्हती. अमेरिकेतल्या नेवाडाच्या माळावर वसंतात मेंढ्या वितात, आणि दोन-दोन हजारांचे कळप चालता चालताच वितात. एखादी मेंढी मरते. एखादी जुळ्यातल्या एकालाच पाजते आणि दुसऱ्याला ढुशी मारून हाकलते. कळपाला थांबायला सवड नसते. मेंढपाळ असलं पोरकं कोकरू दगडाच्या आडोशाला ठेवतो आणि मागं न बघता पुढं जातो. मागं बघितलं तर पाय निघत नाही.

कातालिन अशा कळपांच्या मागं मागं हिंडायची. जो जगवील त्याचं कोकरू, हा तिथला रिवाज. मेंढपाळ बहुतेक तिच्या वडिलांसारखेच, म्हणजे बेन्यातसारखेच, युरोपातल्या पिरेनीजच्या डोंगरातून आलेले बास्क लोक. मग तेच तिच्यासाठी कोकरं राखून ठेवायला लागले. "ही बेन्यातच्या पोरीला," म्हणत वाटेत तिच्या घरच्यांच्या झऱ्यावरच्या खोपटाशी सोडून जायचे. ती त्यांना शेळीचं दूध बाटलीनं पाजायची. मरायची तीही मरायची. त्यांना खोपटामागं पुरून ती पुन्हा माळावर जायची.

तिचा कुत्रा मोत्सही असाच आला होता. बास्क भाषेत मोत्स म्हणजे आखूड. शेपूट अर्धं गाडीच्या चाकाखाली गेलेलं, उरलं ते बोटभर. ज्या म्हाताऱ्या मेंढपाळानं तो आणून दिला त्यानं सांगितलं होतं, "हा चावत नाही, भुंकत नाही, नुसता मेंढरांना चाटतो. मला कुत्रा पाहिजे होता, ही दाई निघाली."

कातालिनला दाईच हवी होती. थंडीत सगळी कोकरं मोत्सच्या अंगाला चिकटून झोपायची, आणि तो सकाळपर्यंत कूस बदलायचा नाही.

सप्टेंबरातल्या एका दुपारी ती शाळेतून परत आली तर झऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. आई तान्ह्या भावाला घेऊन शेजारच्या वस्तीवर धुणं करायला गेली होती. वडील तीन दिवसांच्या वाटेवर, डोंगरात. कोकरं नव्हती. मोत्स कुंपणाच्या खांबाला दोरीनं बांधलेला होता, पुढचा उजवा पाय सुजलेला. झऱ्याकाठच्या चिखलात हजारो खुरांची रांगोळी उमटली होती.

आई आली तेव्हा कातालिन दोरी हातात घेऊन बसली होती.

"लॅटिमरचा कळप आज स्टेशनाकडे जाणार होता," आई म्हणाली. "त्यात मिसळली असतील, बाळ. मेंढरं मेंढरांमागं जातात."

"कोकरं वाट चुकतील, आई. पण कुत्रा स्वतःला खांबाला बांधून घेत नाही."

आईनं दोरीची गाठ बघितली. मग पाणी गरम केलं आणि मोत्सचा पाय शेकला.

लॅटिमर हा खोऱ्यातला सगळ्यात मोठा मेंढरांचा मालक. तो शहरात राहायचा, आणि कळपाचं सगळं क्लेटन रूड नावाचा त्याचा मुकादम बघायचा. कळप रात्रभर हाकत नेऊन उद्या दुपारी आगगाडीत भरला की कोकरं गेलीच. आई तान्ह्याला घेऊन स्टेशनापर्यंत अठरा मैल जाऊ शकत नव्हती. चुलीत लाकूड सारत ती म्हणाली, "घोडी घेऊन पहाटे निघ. तिथं रडायचं नाही. रडायचं असेल तर आत्ता रडून घे."

कातालिन रडली. मग राखेत भाजलेला पाव आणि चीजचा तुकडा फडक्यात बांधून झोपली.

मोत्सला घरी ठेवायचं ठरलं होतं. मैलभर गेल्यावर तिनं मागं बघितलं तर तो तीन पायांवर उड्या मारत येत होता. तिनं त्याला उचलून खोगिरावर पुढ्यात घेतला.

रस्त्यानं गेलं तर सव्वीस मैल, घळीतून अठरा. घळीत अर्ध्यावर दरड कोसळलेली होती. घोडीनं दगडांकडे बघून कान मागं टाकले आणि जागची हलेना. कातालिननं लगाम ओढला, गोंजारलं, शेवटी वडिलांची एक शिवीही दिली. घोडी ढिम्म. तेव्हा मोत्स खोगिरावरून उतरला, दगडांचा वास घेत घेत वर गेला आणि एका कपारीत दिसेनासा झाला. थोड्या वेळानं त्याचं डोकं वरून डोकावलं. मेंढ्यांची जुनी पायवाट होती तिथं, माणूस जेमतेम आडवा होऊन जाईल एवढी. कातालिननं लगाम घोडीच्या मानेवर बांधला आणि तिच्या ढुंगणावर थाप मारली. घोडीला घर माहीत होतं.

कपारीत एका ठिकाणी पायाखालचा दगड निसटला. ती दोन हात खाली घसरली आणि झुडपाला लटकली. मोत्स भुंकला नाही. तो पोटावर सरपटत आला, तिच्या कोटाची बाही दातांत धरली आणि दुखऱ्या पायासकट मागं ओढत राहिला. तिचा गुडघा कड्यावर टेकेपर्यंत त्यानं बाही सोडली नाही.

ती स्टेशनावर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. लॅटिमरचा कळप कुंपणात कोंडलेला होता, डबे रुळावर लागलेले होते. धूळ एवढी की माणसांच्या नुसत्या हॅट दिसत होत्या. ती कुंपणाशी उभी राहून कोकरांना हाका मारायला लागली, पण दोन हजार मेंढरांच्या ओरड्यात तिचा आवाज तिलाच ऐकू येईना.

"ए चिमुरडे," क्लेटन रूड कुंपणावरून म्हणाला, "शाळा इकडं नाही."

"माझी एकतीस कोकरं तुमच्या कळपात आहेत. ती द्या."

माणसं हसली. रूडही हसला. "खूण काय त्यांना?"

"मालकाच्या खुणेसाठी कान कापलेले नाहीत."

"बिनखुणेची शंभर आहेत माझ्याकडे, उशिरा जन्मलेली. सगळी तुझीच का? ह्या बास्क लोकांचं असंच. आज पोरीला पाठवतात, उद्या आजीला पाठवतील."

कळप विकत घ्यायला आलेला मॅकब्राइड नावाचा म्हातारा स्कॉटिश व्यापारी पेटीवर बसून पाईप ओढत होता. त्यानं पोरीचे फाटलेले गुडघे बघितले, मग कुत्रा बघितला, आणि बघतच राहिला.

"मेंढरं सगळी सारखीच दिसतात, बाळ," तो म्हणाला. "तू कशी ओळखणार?"

"तुम्हाला सारखी दिसतात. मला नाही दिसत. ह्याला तर अजिबात नाही."

"मग सोड त्याला आत."

"गाडी थांबणार नाही," रूड म्हणाला.

"गाडीत माल माझा भरायचाय," मॅकब्राइड म्हणाला. "मी थांबलो तर गाडी थांबेल."

कातालिन मोत्सच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आपली कोकरं आण."

मोत्स लंगडत आत गेला. मेंढरांच्या पाठींच्या लाटेत तो बुडाला, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. कुणीतरी म्हणालं, चेंगरला बहुतेक. मग गर्दी फाटली आणि मोत्स बाहेर आला. त्याच्यामागं एक कोकरू, त्याच्या बोटभर शेपटाला नाक लावून. तो त्याला कातालिनच्या पायाशी सोडून परत वळला. कधी एक आणायचा, कधी तीन. चावला नाही, भुंकला नाही. तोंडाला तोंड लावायचा आणि वळायचा, की कोकरू मागं निघायचं. तासाभरानं शेजारच्या रिकाम्या कुंपणात तीस कोकरं उभी होती.

हसणं थांबलं होतं.

"शिकवलेला खेळ आहे," रूड म्हणाला. "पोरगी बोटांनी खुणा करते, कुत्रा दिसेल ते बिनखुणेचं आणतो. कुठलीही तीस आणली असती."

मॅकब्राइडनं पाईप झटकला. "बोलणं वाजवी आहे तुझं." त्यानं खिशातून लाल खडू काढला, तीसही कोकरांना एकेक करून उताणं केलं आणि प्रत्येकाच्या पोटावर रेघ ओढली. "आता परत कळपात सोडा. पोरी, तू स्टेशनमास्तरच्या खोलीत बस. दार लावून."

कातालिननं कोकरं पुन्हा त्या गर्दीत जाताना बघितली. मोत्सचा पाय आता जमिनीला टेकत नव्हता.

"तो दमलाय," ती म्हणाली.

"बघ मग. नको असेल तर नको."

तिनं मोत्सचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "आपली कोकरं आण," ती पुन्हा म्हणाली आणि आत गेली.

खोलीला एकच खिडकी होती, ती रुळांच्या बाजूला. ती बाकावर बसून ऐकत राहिली. नुसता मेंढरांचा गलका. मग माणसांचे आवाज: चार. नऊ. मग बराच वेळ काही नाही. तिला वाटलं मोत्स पडला असेल. सतरा, कुणीतरी ओरडलं. त्यानंतर माणसं एका सुरात मोजायला लागली, आणि त्यात कितीतरी बास्क आवाज होते. लॅटिमरचे मेंढपाळ काम सोडून मोजत होते. एकोणतीस. तीस. आणि मग एकदम सगळे गप्प झाले.

मॅकब्राइडनं दार उघडलं. "बाहेर ये."

कुंपणात एकतीस कोकरं होती. मोत्स त्यांच्या मधोमध आडवा पडून धापा टाकत होता. मॅकब्राइडनं एकेकाचं पोट दाखवलं. तिसांवर लाल रेघ होती. एकतिसावं कोरं होतं.

"हे बघा," रूड पुढं झाला. "हे चुकलं. ह्याला रेघ नाही. म्हणजे कुत्रा वाटेल ते आणतो."

"मी पहिल्यापासून एकतीस म्हणत होते," कातालिन म्हणाली. "मघाशी एक सापडलं नव्हतं."

तिनं हात पुढं केला. त्या कोकराचा खालचा ओठ एका बाजूला चिरलेला होता. ते सरळ तिच्याकडे आलं, तिची दोन बोटं तोंडात घेतली आणि डोळे मिटून चोखायला लागलं, जसं बाटलीला लागायचं तसं.

मेंढपाळांमध्ये कुणीतरी टोपी हवेत फेकली. मग सगळ्यांनीच फेकल्या. मॅकब्राइड रूडकडे वळून म्हणाला, "फाटक तू उघड. दुसऱ्या कुणी नाही." रूडची मान लाल झाली होती. त्यानं फाटक उघडलं आणि कोकरं जाईपर्यंत धरून ठेवलं.

परतीला दोन मेंढपाळ आपली घोडागाडी घेऊन बरोबर आले. मोत्सला गाडीत गोधडीवर निजवलं होतं. तो दर मैलाला डोकं वर करून कोकरं मोजल्यासारखा बघायचा आणि पुन्हा डोकं टाकायचा. वाटेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी ते झऱ्याशी आले. आई दारात उभी होती, आणि घोडी कातालिनच्या आधीच एकटी घरी येऊन उभी असल्यानं आईनं रात्र कशी काढली ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं आधी पोरीला दंडाला धरून गदागदा हलवलं, मग छातीशी धरलं. मग आत जाऊन मोत्ससाठी मटणाचं सगळं भांडंच बाहेर आणून ठेवलं.

लॅटिमरनं पुढच्या महिन्यात मुकादम बदलला. पुढच्या वसंतात मेंढपाळांनी कातालिनकडे चौपन्न कोकरं आणून टाकली, आणि वडिलांनी डोंगरातली नोकरी सोडून तिच्या कळपाला कुंपण घातलं. "मी आता हिच्या हाताखाली आहे," असं ते सगळ्यांना सांगत. सतराव्या वर्षी ती आठशे मेंढ्या घेऊन उन्हाळ्याला डोंगरावर गेली. मोत्स तेव्हा म्हातारा झाला होता. तो गाडीत बसून जायचा, आणि वर पोचल्यावर एकेका कोकराचं तोंड चाटून बघायचा. तिच्या हाताखाली पुढं कितीतरी कुत्रे झाले, एकाहून एक चलाख. कुणी मोत्सची आठवण काढली की ती म्हणायची, "हे सगळे कामाला चांगले आहेत," आणि मेंढ्यांकडे निघून जायची.