आधी आपल्या हाताला

मालकांनी वस्तरा दोन बोटांत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा, आणि गोठ्यातून येणाऱ्या मुताच्या नालीत टाकला.

"सवताच्या अंगाला लावलास व्हय रं?"

ओसरीवर त्यांचे पुण्याचे पाहुणे चहा पीत बसले होते. त्यातला एक जण हसला. मी खाली उकिडवा. शेजारी माझे वडील, आप्पा. चोवीस वर्षांचा घोडा होतो मी, आणि कानशिलं भाजल्यासारखी झाली.

गुन्हा काय? हातावरचा एक केस उडवून धार बघितली. कुठलाही न्हावी बघतो.

तो वस्तरा मालकांच्या आजोबांचा. विलायती पोलाद, शिंगाची मूठ. माळ्यावरच्या पेटीत गंज खात पडलेला. नव्या बंगल्यात काचेच्या कपाटात मांडायचा होता. त्याआधी त्यानंच पाहुण्यांसमोर दाढी करून घ्यायची, ही मालकांची हौस. नव्वदच्या पुढची ती सालं. यवतच्या सलूनमध्ये ब्लेड बदलायचे वस्तरे आले होते. आम्ही बापलेक मात्र अजून राहू गावच्या मळ्यामळ्यांतून हत्यारांची धोपटी काखेत मारून फिरत होतो.

चार दिवस खपलो त्या वस्तऱ्यावर. दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवला. मग बारीक पॉलिश पेपरनं गंज काढला, पात्याला जराही ओरखडा न पाडता. पितळी खिळे चिंचेनं घासले, मुठीला तेल पाजलं. दगडावर पाणी टाकून धार काढली, मग चामड्याच्या पट्ट्यावर पातं उलटसुलट फिरवत बसलो. शेवटी पात्यात माझा डोळा दिसला. मला त्या वस्तऱ्याचा लळा लागला होता. परक्याच्या वस्तूचा कसला लळा? पण लागला.

आप्पांनी पहिल्या दिवशीच शिकवलं होतं, "दुसऱ्याच्या नरड्याला लावायच्या आदी आपल्या हाताला लावावं." तेच मी केलं. मालकांच्या नरड्याची काळजी म्हणून केलं.

आणि किळस कुणाला, तर यांना! दर पंधरा दिवसांनी हे हात वर करून बसायचे. बगला साफ करायला. घामानं चिकटलेले केस, त्यात पावडरीच्या गुठळ्या. तो आंबूस वास संध्याकाळी भाकरीला यायचा. तीन-तीनदा साबण लावला तरी यायचा. पायाची नखं काढताना त्यातला मळ माझ्या मांडीवर पडायचा. ते सगळं खपत होतं. माझ्या हातावरचा एक केस खपला नाही.

"उचल," मालक म्हणाले. "गोमूत्रानं धू, आन् मग दाढीला बस."

म्हशीच्या मुतात टाकलेला वस्तरा म्हणे गोमूत्रानं शुद्ध होणार.

तेवढ्यात आप्पा वाकले. पोराचं चुकलं, म्हणत त्यांनी बाही वर सारली. मी त्यांचा हात धरला. डावा हात. त्यांच्या मनगटावर एक केस नव्हता. चाळीस वर्षं गावाचे गळे सांभाळता सांभाळता तिथली कातडी गुळगुळीत झाली होती. मी रोज बघत होतो, पण दिसलं ते त्या दिवशी.

"आप्पा, उचलायचा न्हाई," मी म्हणालो. मग मालकांकडं वळलो. "वस्तरा तुमचा हाय. टाकलाय तुमी. तुमीच उचला."

ओसरीवर कुणी हसलं नाही. मालकांनी आम्हाला मळ्यात पुन्हा पाय ठेवू नका म्हणून बजावलं. आठवड्यात बाकीच्या मळ्यांनीही दारं लावली. त्या दिवशी वाटेत आप्पा एकच बोलले, "आता खायाचं काय?" वर्षभर मिळेल ती मजुरी केली.

आता यवतला हायवेला माझं दुकान आहे. मी कुणाच्या दारात जात नाही. बगला काढत नाही, नखांना हात लावत नाही. ज्याला हजामत करायची त्यानं यावं, खुर्चीत बसावं. वस्तऱ्याला धार लावली की आधी माझ्या मनगटावर फिरवतो, बसणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. मग तुरटीच्या पाण्यात धुतो. माझंही मनगट आता गुळगुळीत झालंय.

ज्याला किळस येते, त्यानं खुर्चीतून उठावं. मी उठणार नाही, आणि वाकणार तर नाहीच.