घड्याळवाल्या मामाची स्पॅनिश

भिंगरीच्या मामाला स्पॅनिशचा गंधही नव्हता, तरी भाचीला ती शिकवायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. नऊ वर्षांची भिंगरी शाळेत न जाता घरीच शिकायची. बाकीचे सगळे विषय आई घ्यायची; या नव्या विषयापुढे मात्र तिने सरळ हात टेकले.

पण स्पॅनिश टाळून चालणार नव्हतं. भिंगरीची आजी, म्हणजे बाबांची आई, समुद्रापलीकडे राहायची आणि तिला दुसरी भाषाच येत नव्हती. बाबा होते तोवर फोनवर मध्ये बसून दोघींचं बोलणं पोचवायचे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी आजी पडद्यावर हात हलवायची, भिंगरी हात हलवायची, की झाला फोन. मागच्या रविवारी तर आजीने फोनच केला नाही. म्हातारी अशीच हळूहळू तुटून जाणार, या विचाराने मामाने स्पॅनिशचं एक पुस्तक विकत आणलं.

मामा घड्याळं दुरुस्त करायचा. घड्याळ उघडलं की एकेक भाग नंबर घातलेल्या खणांत ओळीने ठेवायचा. तीस वर्षांत त्याचा एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नव्हता. स्पॅनिशही त्याने तशीच खोलली. पुस्तकातून नऊ प्रश्न काढले, नऊ उत्तरं लिहिली, सगळ्यांना नंबर दिले.

सहाव्यापाशी गाडी अडली.

“तुझा छंद काय लिहू?”

“मला काय माहीत!”

“अगं, तुझा छंद तुला माहीत नाही? चित्रं काढतेस ना?”

“आई काढायला लावते.”

“मग नाच?”

“कधी कधी. एकटी असले की.”

मामाने डोकं खाजवत नाच लिहिला. दुकानात भिंग कपाळावर सारून तो प्रश्न विचारायचा आणि स्टुलावर बसलेली भिंगरी धडाधड उत्तरं द्यायची. सहा दिवसांत मामाची छाती फुगली.

रविवारी त्यांनीच आजीला फोन लावला. भिंगरीने स्पॅनिशमध्ये नमस्कार केला तशी आजी हरखली आणि थेट विचारती झाली, तुला काय करायला आवडतं? भिंगरीने ठणकावून स्वतःचं नाव सांगितलं. नातीचं नाव आजीला जन्मापासून ठाऊक होतं! तिने बिचकून विचारलं, तुझा आवडता रंग कोणता? भिंगरी म्हणाली, नऊ वर्षं.

“अगं, आधी सहावा विचारला तिने, मग तिसरा!” मामा कुजबुजला.

“मग ती पहिल्यापासून का विचारत नाही?”

मामाने घाईघाईने पुस्तक उघडलं.

“दादा, काय शिकवलंस रे हिला?” आईने विचारलं.

“सगळं ओळीने शिकवलंय.”

“माणसं ओळीने बोलतात होय?”

मामाचा चेहरा पडला. भिंगरीने मात्र फोन स्वतःकडे ओढला. मामाचे प्रश्न तिलाही पाठ झाले होते. आता तीच आजीला विचारायला लागली. आजी हसली, आणि शहाण्या विद्यार्थिनीसारखी उत्तरं देऊ लागली. नाव, वय, रंग. छंद बागेचा. काही कळत होतं, बरंचसं डोक्यावरून जात होतं. शेवटी भिंगरीने विचारलं, तू कोणाबरोबर राहतेस?

“सोला,” आजी म्हणाली.

“सोला म्हणजे?”

“एकटी,” मामा म्हणाला. एवढं त्याला आलं.

भिंगरीने एकदा आजीकडे नीट पाहिलं. मग तिने विचारलं, “मामा, ‘ये’ कसं म्हणतात?”

मामाने पुस्तक धुंडाळलं. “वेन.”

“वेन,” भिंगरीने पडद्याजवळ तोंड नेऊन सांगितलं. “आजी, वेन.”

आजी पडद्याच्या अगदी जवळ सरकली. मग तिने एकच शब्द विचारला. केव्हा, असं ती विचारत होती.

आईने डोळे पुसले. “तुझ्या बाबांची खोली रिकामीच आहे म्हणून सांग आजीला,” ती भिंगरीला म्हणाली.

हे कसं सांगायचं ते मामाला ठाऊक नव्हतं. तो पानं उलटत राहिला, आणि आजी थांबून राहिली.