हिरवी ज्योत
पंख्याची मोटर जळाल्याचा वास आला की मला शिवाजीनगरची ती भट्टी आठवते. साठ-एकसष्ट साली शेजारच्या विधवा अक्कांनी आपल्या यजमानांचा बंद पडलेला रेडिओ दुरुस्तीला नेऊन द्यायला माझ्याकडे दिला होता. शिवाजीनगरचा रेडिओ दुरुस्तीचा दुकानदार म्हणाला, “आठवड्याने या.” पुन्हा खेप नको म्हणून मी तो बाजूच्या भंगारवाल्याला देऊन मोकळी झाले. त्याने रेडिओ फोडला आणि तांब्यासाठी आतल्या तारांची गुंडाळी भट्टीत टाकली. हिरवीगार ज्योत उठली, मी कौतुकाने बघत राहिले. घरी येऊन सांगितलं, “अक्का, वेळ लागेल म्हणतात.” “सरी, स्वल्प थांबू की,” अक्का त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, आणि शेवटपर्यंत रोज रेडिओचं रिकामं स्टूल पुसत राहिल्या. लाज याची वाटते, की ती ज्योत मला आजही सुंदरच दिसते.