चाचाला चव सांगायची राहिली

फोनवर ‘चाचा’ नाव दिसलं, म्हणून मी नेहमीसारखा चाचाच्याच आवाजात फोन उचलला. "काय रे सॅम्या, कोठे मरी ऱ्हायना?"  पलीकडून चाचाचा मुलगा अल्ताफ म्हणाला, "सॅम... अब्बा गेले." मी सारंगखेड्याला एका हळदीत मिमिक्री करायला गेलो होतो. बाजूची पोरं माझा तो आवाज ऐकून अजून हसत होती. मेलेल्या माणसाच्या आवाजात मी त्याच्याच पोराशी बोललो... अल्ताफ त्यावर कधीच काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

रहीमचाचाचं नंदुरबारला कबाबचं दुकान, आमच्या घराला लागून. त्याची लेक शबाना इटलीत, फ्लोरेन्सजवळ राहते. जावई तिथे चामड्याच्या पिशव्यांच्या कारखान्यात आहे. एकदा ती फोनवर म्हणाली, "अब्बा, इथली खासियत, मांसाचा स्टेक, तोपण निखाऱ्यावर भाजतात. हाडासकट, हा एवढा जाड तुकडा." झालं, चाचाला चैन पडेना, त्याने इटलीला जायचं ठरवलं. चाचीचे गुडघे धरलेले, म्हणून सोबत मी. माझं इंग्लिश बेताचं, पण इंग्लिशची नक्कल फर्स्ट क्लास.

तिथे चाचाने ना चर्च पाहिलं, ना पूल. नुसता स्टेक शोधत फिरला. पहिल्या हॉटेलच्या दारातच नाक मुरडलं, "गॅस शे. चाल." दुसऱ्याने फोटोवालं मेनूकार्ड पुढे केलं, तर तिथूनही चाल. शेवटी जावयाने डोंगरातल्या एका खेड्यात नेलं. तिथे म्हातारा आचारी लाकडं जाळून भाजत होता. चाचा हात मागे बांधून चुलीपाशी उभा राहिला. आचाऱ्याने कच्चा तुकडा दाखवला, चाचाने अंगठ्याने दाबून पाहिला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी माना डोलत होत्या. दोन्ही बाजू भाजल्यावर आचाऱ्याने तो तुकडा हाडावर उभा केला, तेव्हा चाचा लहान पोरासारखा माझ्याकडे वळला, "देख! उभा कया!"

पण ते हलाल नव्हतं. चाचा खाणार नव्हता. आम्ही नवापूरकडचे ख्रिस्ती, मला बैलाच्या मांसाची आडकाठी नव्हती. "तू खाय, मी देखस," तो म्हणाला. "मंग माले बरोबर सांग, कशे लागनं."

मी खाल्लं. पण माझं सगळं ध्यान ताट आणून ठेवणाऱ्या वेटरच्या भुवयांवर. ‘बेल्लिस्सिमो’, म्हणजे लय भारी, म्हणताना काय वर जायच्या! चाचा माझ्या जबड्याकडे बघत बसलेला. "कशे लागनं?" मी उठलो, खांद्यावर नॅपकिन टाकला, भुवया वर, "बेल्लिस्सिमो, चाचा!" शबाना हसली, जावई हसला, वेटरसुद्धा हसला. चाचाही हसला. मग हळूच म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. लागनं कशे?" मी पुन्हा वेटर केला.

नंदुरबारला परत आल्यावर तो दुकान आवरलं की बकऱ्याची रान, म्हणजे मागची तंगडी, निखाऱ्यावर उभी करून बघायचा. कधी करपायची, कधी कच्ची राहायची. मला हाक मारून घास द्यायचा, "असंच लागे का?" मी परत तोच वेटर. तो हसायचा, हसून झाल्यावर जरा वेळ माझ्याकडे बघत थांबायचा... मग फडक्याला हात पुसायचा. रागावला कधीच नाही.

मागच्या आठवड्यात चाचीने जेवायला बोलावलं. ताट वाढता वाढता म्हणाली, "तेरे चाचा बोलते थे, सॅम्या एक दिन मजाक छोड़ के बतायेगा. अब मेरे को बता बेटा, कैसा लगा था वो?"

वेटर गळ्यात तयारच होता. म्हातारा आचारीही. माझी मान काही वर होईना. "चाची, मला माहीत नाही. मी चवीकडे लक्षच दिलं नाही."

 चाचीने माझ्या वाटीत रस्सा वाढला. मी खाली बघून सावकाश जेवलो. आणि शरमत शरमत म्हणालो, "चाची, मीठ जरा जास्त झालंय."

तिने रश्श्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"हां," ती म्हणाली. "नमक चखते तो वही थे."