हळदीला उशीर

काल कॉलेजहून परतताना बस कशेळीच्या पुलावर अडकली आणि खिडकीतून खाडीच्या चिखलाचा खारट वास आला. त्या वासाबरोबर मी लहानपणीच्या एका दुपारी, सलीमचाचांच्या होडीत जाऊन बसलो.

पलीकडच्या गावात मामाची हळद होती. आई थोरली बहीण, त्यामुळे पहिली हळद तिनेच लावायची होती. पण वाटेतल्या जुन्या पुलापाशी पोचलो, तर भरतीने खाडी तुडुंब भरलेली. पुलाखालून होडी जाईना.

"भाभी, पानी उतरने दो," सलीमचाचा म्हणाले. मग बाबांकडे वळले, "खाडीकाठचा असून भरती विसरलास? कारखान्यातल्या त्या लूमने तुझा दिमाग फिरवलाय!"

"निघायच्या आधी तिथीवरनं भरती न्हाय का बघायची?" आई म्हणाली.

"शिफ्ट सुटली, तसा निघालो," बाबा हळूच म्हणाले.

मला त्या थांबण्याची गंमतच वाटत होती. पाण्यात हात घालून मी खेळत होतो. आई मात्र पलीकडून येणारा हळदीचा बेंजो ऐकत होती.

पोचलो तेव्हा मामा पिवळाधमक झाला होता. "ताई, लई वाट बघितली. मग काकूनं लावली," तो म्हणाला.

"बरं झालं. रंग छान चढलाय," आई हसली.

हळद लावून झालेल्या बायका नळावर हात धुवायला गेल्या. आईही त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि आपले स्वच्छ हात बराच वेळ धूत राहिली. भूक लागली म्हणून मी तिचा पदर ओढत होतो.