निंबाच्या मुळ्या संडासाच्या पाईपात

मंडळी, सकाळपासून जिवाला घोर लागलाय. आमचं जुनं घर, संडास सारखा तुंबतोय म्हणून प्लंबर बोलावला. त्याने पाईपात कॅमेरा सोडून मोबाइलवर दाखवलं, तर आत अंगणातल्या निंबाच्या मुळ्यांचं जाळं!

"आबा, झाड तोडा, नाहीतर पाईप दुसरीकडून फिरवा."

मी घाबरून म्हणालो, "तोड बाबा."

बायको घरातून ओरडली, "आणि आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या पोरी झोका कुठे बांधतील? तुमच्या गळ्यात?"

प्लंबर हसत पाईप फिरवायला लागला. खणताना निंबाच्या दोन जाड मुळ्या तुटल्या. तेव्हापासून मी बुंध्याला पाणी घालतोय. जाणकारांनी सांगा, एवढ्याने झाड वाळत नाही ना हो?